मदरबोर्ड दोनदा बदलला, लॅपटॉप तरी बंद पडतोय : पैसे परत मिळतील का?

प्रश्न : मी जुळे सोलापूरला राहते, घरून तीन-चार दुकानांचं टॅलीचं आणि जीएसटी रिटर्नचं काम करते, घर त्यावरच चालतं. गेल्या दिवाळीत नव्या पेठेतल्या एका दुकानातून ५४ हजारांचा लॅपटॉप घेतला, वॉरंटी एक वर्ष. डिसेंबरपासून तो चालता चालता खटकन बंद पडतो. सर्व्हिस सेंटरने आधी विंडोज नवीन टाकून दिलं, मग मदरबोर्ड बदलला, मग परत मदरबोर्ड. थोडे दिवस बरा चालतो की पुन्हा तेच. आता ते म्हणतात सोलापूरच्या उन्हामुळे होतंय. दुकानदार म्हणतो आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला, आणि बिलाखाली छापलेलं दाखवतो की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. वर म्हणतो तुम्ही धंद्यासाठी वापरता, तुम्हाला ग्राहक कोर्ट लागूच नाही. वॉरंटी संपत आलीये. काय करू?

उत्तर : ताई, आधी ती शेवटची भीती काढून टाका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळलीये हे खरं, पण स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या व्यापारी कारणात धरत नाहीत, तसं कायद्यातच लिहिलंय. तुम्ही एकट्या घरी बसून हिशेब लिहिता, त्यामुळे तुम्ही ग्राहकच. बिल तुमच्या स्वतःच्या नावावर आहे ना, तेवढं बघा. फर्मच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकून घेतलं असेल तर समोरचा वकील तिथेच बोट ठेवणार, म्हणून तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा की हे माझं उपजीविकेचं साधन आहे, कामाला दुसरा माणूस नाही.

बिलाखालच्या त्या ओळीला घाबरायचं कारण नाही. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला बिलात दिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवलीये. दुकानदाराने असं छापून घेतलं म्हणून तो सुटत नाही. आणि तक्रार करताना दुकानदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष करा, नाहीतर हा त्याच्याकडे बोट दाखवेल आणि तो याच्याकडे.

आता मुख्य गोष्ट. बरेच जण धरून चालतात की तीनदा रिपेअर झालं की नवीन पीस द्यावाच लागतो. असा आकडा आपल्या कायद्यात कुठेही नाही. ग्राहक आयोग, म्हणजे तेच ग्राहक कोर्ट, विचारणार, दोष मुळातलाच आहे याला पुरावा काय? तुमच्याकडे तो पुरावा आहे, जॉबशीट. दर वेळी लॅपटॉप जमा करताना जी चिठ्ठी मिळते तिच्यावर तक्रार काय लिहिलीये ते काउंटरवरच उभं राहून वाचा. माणूस घाईत ‘स्लो चालतो’ एवढंच लिहितो, तिथे ‘चालू असताना आपोआप बंद पडतो, पूर्वीचीच तक्रार’ असं लिहून घ्या. परत घेताना काय बदललं ते लिहून मागा. ग्राहक समाधानी असल्याच्या ओळीखाली लगेच सही करू नका, ‘वापरून बघायचे आहे’ असं हाताने लिहून मगच करा. एकाच दोषासाठी दोन मदरबोर्ड गेले हे कंपनीच्याच कागदावर दिसलं की ‘लॅपटॉप ठीक आहे’ म्हणणं त्यांना फार अवघड जातं.

उन्हाचं म्हणाल तर आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, त्यामुळे हे कारण ऐकायला पटतं. पण तुमचा लॅपटॉप डिसेंबरमध्ये बंद पडायला लागला, म्हणजे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीतसुद्धा पडतच असणार, तेव्हा कुठलं ऊन होतं? जानेवारीतली जॉबशीट असेल तर ती सगळ्यात वर लावा. अजून एक करा, विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टीम लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडेल, मशीन नीट शटडाउन न होता बंद पडून परत सुरू झालं की ती तारीख-वेळेसकट पडते. त्याचे फोटो काढून ठेवा, बंद पडतानाचा एखादा व्हिडिओही. आणि लॅपटॉप परत जमा करण्याआधी तुमच्या गिऱ्हाइकांचा सगळा डेटा बाहेर काढा, बिटलॉकर (विंडोजमधलं डेटाचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण मदरबोर्ड बदलला की ती मागतो आणि नसली तर डेटा अडकतो.

वॉरंटी संपायच्या आत कंपनीला आणि दुकानदाराला ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह. त्यात सरळ लिहा की आता रिपेअर नको, नवीन लॅपटॉप द्या नाहीतर पूर्ण रक्कम परत करा, १५ दिवसांत. फोनवर कितीही गोड बोलले तरी लेखी उत्तर मागा. त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला लावा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ते कंपनीला आदेश देऊ शकत नाहीत पण तक्रार पुढे पाठवतात, आणि तिथे काही प्रकरणं मिटतात म्हणून ही पायरी सोडू नका.

नाही ऐकलं तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असो की दिल्लीला, नव्या कायद्यात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य, वकील सक्तीचा नाही, सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, त्यामुळे वॉरंटी संपली म्हणून हक्क संपला असं होत नाही, दोष वॉरंटीतच कळवला होता हे दाखवता आलं पाहिजे. मागणीत दोन्ही लिहा, नवीन लॅपटॉप किंवा व्याजासह किंमत, आणि झालेला त्रास आणि बुडालेलं काम याची भरपाई वेगळी. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर अजून १५ मिळतात. आयोगाने लॅपटॉप तपासणीला लॅबमध्ये पाठवायचं ठरवलं तर त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते, ती तयारी ठेवा. कायद्याप्रमाणे निकाल तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाचमध्ये लागायला हवा, प्रत्यक्षात जास्त वेळ जातो, म्हणून तोपर्यंत रिटर्नची कामं अडू नयेत यासाठी दुसऱ्या मशीनची सोय बघून ठेवा. भाड्याने घेतलात तर त्याच्या पावत्या जपा, त्या भरपाईत मागता येतील.