संगीतशास्त्राच्या विकीवर काय ठेवावे आणि काय नाही

पुणे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

संगीतशास्त्राच्या मराठी विकीसाठी तू केलेली नोंदींची यादी सावकाश वाचली. तीत राग, ताल आणि श्रुती, म्हणजे सप्तकातली बावीस सूक्ष्म स्वरांतरे, आहेतच. पण त्यांच्या जोडीला गायकांची चरित्रे, मैफलींच्या आठवणी, रागांवर बेतलेली चित्रपटगीते आणि कोणता राग कोणत्या व्याधीवर गुणकारी आहे याचे एक लांबलचक कोष्टकही आहे. संगीताशी संबंध नाही असे यात काहीच नाही, आणि अडचण तीच आहे, कारण नुसता संबंध पाहायचा म्हटले तर वगळण्यासारखे काही उरतच नाही.

मी दोन गोष्टी पाहीन. नोंद वाचून झाल्यावर वाचकाला तंबोरा जुळवून किंवा हातावर ताल धरून काहीतरी स्वतः पडताळून पाहता आले पाहिजे, आणि नोंदीतले प्रत्येक वादग्रस्त विधान कोणाचे आहे हे त्याला तिथल्या तिथे कळले पाहिजे. व्याधींचे कोष्टक या दोहोंपैकी एकाही कसोटीला उतरत नाही, म्हणून ते आधी काढ.

चरित्रे आणि आठवणी वगळणे पुण्यात राहून सोपे नाही, हे मी जाणते. 1911 साली भास्करबुवा बखल्यांनी स्थापन केलेला भारत गायन समाज, 1932 साली विनायकबुवा पटवर्धनांनी सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय आणि 1953 पासूनचा सवाई गंधर्व महोत्सव ज्या शहरात आहे, तिथे प्रत्येकाकडे सांगण्यासारखी एक तरी मैफल असते आणि ती सांगताना कोणी हात आखडता घेत नाही. त्या आठवणी कोणीतरी जरूर लिहाव्यात, पण इथे नकोत. व्यक्तीचा उल्लेख यावा तो तिच्यामुळे शास्त्रातली एखादी गोष्ट समजत असेल तेवढ्यापुरता. गायक अब्दुल करीम खाँ यांनी 1913 मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, ही माहिती चरित्रात शोभते. मात्र श्रुतींची अंतरे मोजणारे अभ्यासक कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या कामाला खाँसाहेबांचे साहाय्य होते, ही गोष्ट श्रुतीच्या नोंदीत आलीच पाहिजे, कारण ते मोजमाप केवळ गणितातून आले की गाणाऱ्याच्या गळ्यातूनही, हे जाणून घेण्याचा वाचकाला हक्क आहे.

श्रुतीच्या नोंदीवर मात्र तू वाटेल तेवढा वेळ घालव. सध्याच्या मसुद्यात बावीस श्रुतींची नावे, त्यांच्यापुढे अपूर्णांक आणि शीर्षस्थानी ‘नाट्यशास्त्र’कार भरताचे नाव, अशी मांडणी आहे. यात दोन वेगळ्या काळांतल्या गोष्टी एकाच रकान्यात बसल्या आहेत. भरताने षड्जग्राम या प्राचीन स्वररचनेतल्या सप्तकाची श्रुतिसंख्या सांगितली आहे, म्हणजे सा चार, रे तीन, ग दोन, म चार, प चार, ध तीन आणि नी दोन. दोन वीणा एकसारख्या जुळवून, एक अचल ठेवून आणि दुसरी पायरीपायरीने उतरवत नेऊन हे अंतर कानाने कसे ओळखावे, याचा प्रयोगही त्याने दिला आहे. कंपनसंख्या किंवा अपूर्णांकांतली गुणोत्तरे त्याने दिलेली नाहीत. ती देवलांसारख्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अभ्यासकांनी मांडली. ती चुकीची आहेत असे माझे म्हणणे नाही. ती भरताची नाहीत, एवढेच.

याच नोंदीत आणखी एक गोष्ट तुला दाखवता येईल, आणि ती दाखवली तर नोंदीचे सार्थक होईल. वर दिलेल्या चार-तीन-दोन-चार-चार-तीन-दोन या आकड्यांत प्रत्येक स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर बसतो असे प्राचीन ग्रंथकार मानतात. तसे मानले की सा ते रे हे अंतर तीन श्रुतींचे, रे ते ग दोन आणि ग ते म चार श्रुतींचे येते, म्हणजे आपल्या आजच्या काफी थाटाच्या, ग आणि नी कोमल असलेल्या, जवळचे सप्तक तयार होते. आधुनिक संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे यांनी स्वर पहिल्या श्रुतीवर धरला. आकडे तेच, पण सा ते रे चार, रे ते ग तीन आणि ग ते म दोन, म्हणजे सगळे स्वर आजच्या अर्थाने शुद्ध असलेला बिलावल. एका कोष्टकातून दोन शुद्ध सप्तके निघतात हे ज्याने पेटीवर वाजवून पाहिले, त्याला ‘शुद्ध स्वर’ म्हणजे काय यावरचे निम्मे वाद आपोआप उलगडतात. (पेटीचे स्वर श्रुतींशी तंतोतंत जुळत नाहीत, हा वाद या प्रयोगापुरता बाजूला ठेवावा.)

वादी-संवादीच्या, म्हणजे रागातल्या प्रमुख आणि त्याच्या खालोखालच्या स्वराच्या, बाबतीत तू सरसकट एकच उत्तर देण्याचा मोह टाळावास, आणि मारवा रागाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. भातखंडे-परंपरेत मारव्याचा वादी कोमल ऋषभ (रे) आणि संवादी शुद्ध धैवत (ध) आहे. आता संवादाचा जुना नियम असा की दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असावे. आजच्या भाषेत षड्ज-मध्यम किंवा षड्ज-पंचम भाव, म्हणजे सा ते म किंवा सा ते प इतके अंतर. कोमल ऋषभाचा पंचम धरायला गेलास तर कोमल धैवत येतो आणि मध्यम धरलास तर तीव्र मध्यम. शुद्ध धैवत कुठेच बसत नाही. तरीही मारवा गाताना ऋषभ आणि धैवत हेच दोन स्वर रागाचा भार पेलतात, हे कोणताही गायक सांगेल; काही जण तर धैवतालाच वादी मानतात. अशा वेळी नोंदीने निवाडा करू नये. नियम काय, व्यवहार काय, कोणी काय मानले, हे ओळीने लिहावे आणि पूरिया व सोहनी हे त्याच स्वरांचे राग शेजारी ठेवून वाचकाला ऐकू द्यावे. तिन्ही रागांना मिळून एकच नोंद करण्याची तुझी सूचना मात्र मला मान्य नाही. स्वर समान असूनही राग वेगळे का, हाच तर शास्त्राचा विषय आहे. भूप आणि देशकार यांनाही हेच लागू.

रागसमयाचे प्रकरण ठेव. पूर्वांगवादी (वादी सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) आणि उत्तरांगवादी (वरच्या अर्ध्यात) रागांची विभागणी, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळच्या संधिप्रकाश रागांतला कोमल ऋषभ आणि शुद्ध गांधार, मध्यमाच्या रूपावरून समय ठरवण्याची कल्पना, ही सगळी मांडणी तर्काने तपासता येते, तिला अपवाद दाखवता येतात, म्हणून ती शास्त्र आहे.

कर्नाटक संगीताच्या नोंदी हव्यातच, पण हिंदुस्थानी रागांचे ‘समानार्थी’ म्हणून नकोत. कर्नाटक संगीतातल्या मेचकल्याणीचे स्वर कल्याण थाटाचेच असले तरी यमन म्हणजे कल्याणी नव्हे. बहात्तर मेळांची, म्हणजे तिथल्या मूळ सप्तकांची, रचना तिच्या स्वतःच्या परिभाषेत समजावून सांग.

स्वतः बांधलेल्या नव्या रागांची नोंद कोणी घेऊन आला, तर त्याला नम्रपणे थांबव. राग उत्तम असू शकतो. परंतु निर्मात्याखेरीज इतरांनी तो गायलेला आणि त्याविषयी लिहिलेले नसेल तोपर्यंत पडताळायला काही नसते. चित्रपटगीतांची यादीही नको. रागाच्या नोंदीत एखादे गीत, त्यात राग कुठे पाळला आणि कुठे सोडला हे दाखवण्यापुरते, पुष्कळ झाले. बंदिशींचेही तसेच. ज्या बंदिशीच्या मुखड्यात रागाचे चलन उघडपणे दिसते ती एखादी घ्यावी. संग्रह करणे हे वेगळे काम आहे, आणि त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालणाऱ्या स्वामित्वहक्काचा प्रश्नही येतो. भातखंडे 1936 साली वारले, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या लेखनापुरता तो प्रश्न उरलेला नाही. शिवाय ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ मुळात मराठीतच, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेली असल्याने तुला अनुवादावर विसंबावे लागणार नाही. विधान घेशील तिथे भाग आणि पृष्ठ देत जा. स्वरलेखन सर्वत्र भातखंडे पद्धतीचे ठेव आणि विष्णु दिगंबर पलुसकरांच्या पद्धतीला स्वतंत्र नोंद दे.

आणखी एक. नोंद काढून टाकशील तेव्हा ती का काढली हे दोन ओळींत तिथेच लिहून ठेव आणि लिहिणाऱ्याला ते कळव. ज्याने चार रात्री बसून आपल्या गुरूंच्या आठवणी टंकल्या, त्याला कारण न सांगता तो मजकूर उडवलास तर उद्या श्रुतीचा तक्ता तपासायला तो येणार नाही, आणि अशा माणसांपैकीच कोणाच्या तरी कपाटात तुला हवी असलेली जुनी प्रत असते. श्रुती आणि मारवा या दोन नोंदी आधी पुऱ्या कर. छापून पाठवल्यास तर बरे, पडद्यावर कोमल स्वराखालची रेघ मला नीट दिसत नाही.

तुझी हितचिंतक