मॅडम, तो पुस्तक वाचतच नाही, नुसती पानं उलटतो

गेल्या काही महिन्यांत हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की आता समोरची बोलायला लागली की पुढचं काय येणार ते कळतं. कुणाचं एका जागी बसत नाही, कुणाचं फाडतं, चावतं, कुणाला रोज तेच एक पुस्तक लागतं. वय विचारलं की दीड, पावणेदोन, फार तर दोन. म्हणून एका घराची गोष्ट सांगते, ओळखीचे तपशील बदलून.

सोलापूरच्या पूर्व भागातलं तेलुगू घर. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आजोबांचा जन्म मागावर गेलेला. मुलगा बावीस महिन्यांचा, घरात सगळे त्याला चिन्ना म्हणतात, म्हणजे छोटा. आई पहिल्याच भेटीत म्हणाली, "फाडतोय की हो सगळी! गड्ड्याच्या जत्रेतनं आणलेलं प्राण्यांचं पुस्तक दोन दिवसांत फाडलं. आता सगळी शोकेसमध्ये वर ठेवलीत, मी काढून देते तेव्हाच बघायची. आणि विचारलं तर एक नाव सांगत नाही. पुढच्या वर्षी प्लेग्रुपला घालायचंय."

मी काहीच सल्ला दिला नाही. सतरंजीवर चार पुठ्ठ्याची पुस्तकं टाकली आणि म्हटलं, घरी कसं बघता तसंच बघा त्याच्याबरोबर, मी नुसती बसते.

तिनं चिन्नाला समोर बसवलं, पुस्तक उघडलं. "हे काय? सांग. डॉग. म्हण डॉग. हे काय? हा कलर कुठला?" चिन्नानं कुत्र्यावर बोट ठेवलं आणि अगदी हळू काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, "नाही, डॉग." परत बोट, परत तोच आवाज. परत "नाही रे, डॉग." मग त्यानं दोन्ही हातांनी पुस्तक मिटलं आणि उठून दाराकडे गेला. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलं ना मॅडम? हे असंच असतं."

मी विचारलं, "तो काय म्हणाला ते ऐकलंत?"
"काही नाही, असंच बडबडला."
"कुक्का म्हणाला. दोनदा."

ती गप्पच झाली. कुक्का म्हणजे तेलुगूत कुत्रा, आजोबा गल्लीतल्या कुत्र्याला दाखवून रोज तेच म्हणतात. सोलापुरात वाढलेल्या माणसाच्या कानावर तेलुगू, कन्नड येता जाता पडलेलं असतं, ते मला माझ्या कामात फार उपयोगी पडतं. डोळ्यात पाणी आणून ती म्हणाली, "म्हणजे तो बरोबर सांगत होता आणि मी त्याला रोज नाही नाही म्हणत होते?"

मला स्वतःला त्या दिवशी जे लख्ख दिसलं ते हे, की चिन्नाला पुस्तकाचा कंटाळा नव्हताच, त्याला परीक्षेचा कंटाळा होता, आणि दोन वर्षाच्या लेकराला पुस्तक आणि परीक्षा वेगळी करता येत नाही, म्हणून त्यानं दोन्ही एकदम मिटवलं.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांना मी मानणारी आहे. बोर्डी गावात पोरं शाळेत येत नव्हती तर त्या शाळा त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. पुस्तकाचंही तसंच, ते मुलाच्या फरशीवर आलं पाहिजे आणि त्याच्या घरच्या भाषेत आलं पाहिजे. दोन भाषा ऐकून मूल गोंधळतं आणि उशिरा बोलतं ही भीती मनातून काढून टाका. शब्द मोजायचेच असतील तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा, कुक्का हा पूर्ण शब्द आहे.

मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. आठ दिवस एकही प्रश्न विचारायचा नाही, तो बोट ठेवेल त्याच्याबद्दल आपण एक वाक्य बोलायचं, बस. आणि पुस्तकं शोकेसमधून काढून त्याच्या गुडघ्याएवढ्या टोपलीत ठेवायची.

"फाडली तर?"
"फाडली तर चिकटवायची, त्याला जवळ बसवून."

हे काम आजोबांनी घेतलं. पुढच्या वेळी ते स्वतः आले, गड्ड्यातलं ते पुस्तक पिशवीत घालून. म्हणाले, "मला मराठी वाचायला येत नाही, पण धागा तुटला की जोडायचा, आयुष्यभर तेच केलं की." प्रत्येक फाटक्या पानाला इतकी सरळ टेप लावलेली! टेपचा तुकडा चिन्नाच्या बोटावर द्यायचा, त्याचं बोट धरून पानावर दाबायचं, असं पानागणिक. आता चिन्ना त्या पुस्तकात चित्राआधी टेप शोधतो आणि तिच्यावरून बोट फिरवतो. फाडणं पूर्ण थांबलं का, तर नाही, पण फाटलं की तेच पान घेऊन आजोबांकडे पळतो.

आता सगळ्याच आयांसाठी. या वयात पान फाटतं ते बोटांना अजून अंदाज नसतो म्हणून, त्यामुळे सुरुवातीला जाड पुठ्ठ्याची घ्या. दोन तीन पानं एकदम उलटणं, पुस्तक उलटं धरणं, मध्येच उठून जाणं, सगळं वयाप्रमाणे आहे. दोन चार मिनिटं बसला तरी खूप झालं, मागे लागून पूर्ण करू नका. तेच पुस्तक वीस वेळा मागतो कारण पुढे काय येणार हे त्याला माहीत असतं आणि ते तसंच येतं, यात त्याला केवढा आनंद आहे, तेव्हा तुम्हाला कंटाळा आला तरी वाचा. वाचता न येणारी आजी असेल तर तिनं चित्रावरून सांगावं, तेही वाचनच. फोनवरच्या गोष्टींना मात्र मी पुस्तक म्हणत नाही, जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन नकोच आणि दोन वर्षाच्यांना तासाभरापेक्षा जास्त नको.

एक मात्र लक्षात ठेवा. दीड वर्षापर्यंत मूल बोट दाखवत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, एकही शब्द नसेल किंवा दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नसेल तर "मुलगे उशिरा बोलतात" म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानही तपासून घ्या. चिन्नाच्या बाबतीत मी हे आधी बघितलं होतं, मगच निवांत झाले.

परवा त्याच्या आईनं व्हॉइस मेसेज पाठवला. आधी बराच वेळ पानांचा आवाज, मग तिचा, "हां, ये, बस मांडीवर." मग चिन्नाचा मोठ्ठा आवाज, "कुक्का!" आणि ती म्हणते, "हो रे, कुक्का. झोपलाय बघ कुक्का." नंतर पुन्हा पान उलटल्याचा आवाज.