मागावर नव्याने लागलेल्या पोराला

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर लागलास, बरं केलंस. सुरुवातीला खडखडाटाने डोकं भणभणेल. कानात बोळे घाल, लाजू नकोस.

पगार चोख मोजून घे, तो हक्काचाच आहे. पण समाधान फक्त पगाराच्या दिवशी शोधलंस, तर महिन्यातले बाकीचे दिवस कोरडे जातील. खरा आनंद हाताला कसब येतं तिथे आहे. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की आधी माग थांबव, मग गाठ मार. तसंच रेटलंस तर चादरीत दोष पडतो आणि जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच विणलेल्या नक्षीत तो लपत नाही. पुढे कधीतरी नुसत्या आवाजावरून तुला कळेल, की काहीतरी बिघडलंय. तेव्हा जे वाटतं ना, ते कुणी बक्षीस म्हणून देऊ शकत नाही. माझी तर बिनदोष चादर उतरली की अजूनही छाती भरून येते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच हातांच्या जोरावर.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना सोबत घेऊन इथे तळं खोदलं. श्रमालाच पूजा मानणारे शरण, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतले संत ते. आपल्या गावाचा हा वारसा मला फार मोलाचा वाटतो.

मात्र कष्ट म्हणजे देह झिजवणं नव्हे. डबल पाळी सारखी घेऊ नकोस, झोपाळलेला हात मागात सापडतो. आणि कांड्या भरायला, म्हणजे त्यांवर सूत गुंडाळायला बसवलं तर नाक मुरडू नकोस, सूत तिथेच ओळखीचं होतं. अडलं की पद्मशाली समाजातल्या जुन्या विणकरांना विचार. रागावतील, पण शिकवतील.