छोट्या शहरात लोकांना सोबत घेऊन भिंतीवर चित्रं, कलेचे कार्यक्रम करायचे तर सुरुवात कुठून करायची? पुण्यात कसं करतात?

तुम्ही लिहिलंय की तुमचं गाव छोटं आहे, नगरपालिका आहे, तीन-चार जण उत्साही आहेत आणि स्टँडजवळच्या एका लांब भिंतीवर सगळ्यांनी मिळून चित्र काढायचंय, जमलं तर वर्षातून एकदा कलेचा काहीतरी कार्यक्रमही. परवानगी कोणाची, पैसे कुठून आणि आर्टिस्ट कुठून आणायचा, हे तीन प्रश्न. मी स्वतः आर्टिस्ट नाही, प्रिंटिंगच्या धंद्यात आहे, पण पेठेत राहतो आणि आमच्या गल्लीत हा उद्योग दोनदा केलाय. एकदा साफ तोंडावर पडलो, दुसऱ्यांदा जमलं. तेवढ्या जोरावर सांगतो.

आर्टिस्ट शोधू नका, आधी मंडळ शोधा. गणपती मंडळ. हसू नका.

आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा मंडळाला मुद्दाम लांब ठेवलं होतं. आम्ही पाच मित्र, दोघं फाईन आर्ट केलेले, आणि डोक्यात असं की मंडळ म्हणजे स्पीकरच्या भिंती आणि वर्गणीचं पावतीपुस्तक, कलेशी त्यांचा काय संबंध. एका जुन्या वाड्याची गल्लीकडची भिंत होती, साधारण तीस फूट बाय नऊ. त्यावर एक भलामोठा चेहरा काढला, अर्धा माणसाचा अर्धा झाडाचा, फार मॉडर्न वगैरे. एप्रिलमध्ये काढला, फोटो टाकले, लाईक्स आले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि आषाढ संपायच्या आत चेहऱ्याच्या गालाचे पोपडे निघायला लागले. ऑगस्टमध्ये एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बरोब्बर त्याच्या डोळ्यांवर ठोकला गेला आणि गल्लीतला एक माणूस त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. उलट समोरच्या आजी म्हणाल्या, बरं झालं बाई झाकलं, संध्याकाळी दिवा लावताना ते तोंड बघवत नव्हतं.

हे लागलं मला. पण त्यांचं काय चुकलं? त्यांच्या दारासमोर आम्ही काहीतरी आणून चिकटवलं होतं आणि त्यांना विचारलंही नव्हतं.

दीड वर्षाने परत करायचं ठरलं तेव्हा मंडळात गेलो. मंडळाच्या मांडवाचं काम बघणारे एक काका आहेत, मूळचे सुतार, सत्तरीचे. मी त्यांना मोबाईलवर डिझाईन दाखवायला गेलो तर त्यांनी मोबाईलकडे बघितलंसुद्धा नाही, भिंतीकडे बघितलं आणि वर बोट केलं. "चित्र नंतर. ती पन्हळ बघ आधी." वाड्याच्या छपराची पत्र्याची पन्हळ एका टोकाला फुटलेली होती आणि वर्षानुवर्षं तिथलं पाणी भिंतीच्या आतून मुरत खाली येत होतं. खालच्या दोन फुटांत पांढरी पूड धरली होती, तो लोणा. आम्ही पहिल्यांदा त्याच लोण्यावर सरळ ऑइल पेंट फासला होता. काका म्हणाले, आतलं पाणी बाहेर यायला बघतंय आणि तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत, मग ते रंगाला ढकलणारच. बाराशे रुपयांत प्लंबरने पीव्हीसी पाईप बसवून पाणी गटारात सोडलं. मग पोपडे खरवडले, तारेच्या ब्रशने लोणा घासून काढला, भिंत नुसतीच महिनाभर सुकू दिली आणि मगच प्राइमर. हा महिना फार जीव खातो, सगळे विचारतात कधी सुरू करणार, पण तो द्याच.

मंडळाकडे काय काय आयतं असतं ते बघा. परांचीचे बांबू आहेत, बांधणारी पोरं आहेत, लाईट कुठून घ्यायची ते माहिती आहे, पोलीस चौकीत आणि क्षेत्रीय कार्यालयात कोणत्या टेबलावर अर्ज द्यायचा ते पाठ आहे, कोण किती वर्गणी देतो आणि कोण दार उघडत नाही तेही पाठ आहे. सार्वजनिक गणपती १८९२ ला सुरू झाला की १८९३ ला, भाऊ रंगारींचा पहिला की टिळकांचा, हा पुण्यात न संपणारा वाद आहे, त्यात मी पडत नाही, पण एवढी वर्षं दरवर्षी रस्त्यावर दहा दिवसांचं कलेचं काम उभं करायचं आणि उतरवायचं ही सवय ज्या लोकांना आहे त्यांना सोडून आपण प्रपोजल कसलं लिहितो! आणि कलेशी संबंध नाही म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, तुळशीबागेच्या गणपतीचे देखावे शिल्पकार डी. एस. खटावकर करायचे, तेच अभिनव कला महाविद्यालयात शिकवायचे. म्हणजे कॉलेज आणि मांडव यांच्यात भिंत नव्हतीच, ती आमच्यासारख्यांनी नंतर बांधली. तुमच्या गावात मंडळ नको वाटत असेल तर तालीम बघा, भजनी मंडळ बघा, दिवाळीत किल्ले करणारी पोरं बघा. माती, दगड, पोतं, हळीव पेरून गवत आणि वर शिवाजी महाराज, हे सगळं कोणी फंडिंग न देता गल्लोगल्ली होतंच आहे ना.

आता परवानगी. खाजगी भिंत असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र घ्या, तोंडी "हो रे करा" चालत नाही. सरकारी किंवा पालिकेची भिंत असेल तर पालिकेचं पत्र, तुमच्याकडे मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज करावा लागेल. स्टँडची भिंत एसटीची असू शकते, मग नगरपालिकेच्या पत्राला काही अर्थ नाही, आगारात जावं लागेल, तेव्हा भिंत नक्की कोणाची हे आधी काढा. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे, चित्र कितीही सुंदर असलं तरी परवानगीचा कागद नसेल तर कोणीही तक्रार करू शकतो. जुन्या काळ्या दगडाच्या भिंतीला, वेशीला, देवळाच्या ओवरीला हात लावू नका, कोणी परवानगी दिली तरी. रंगवलेला दगड परत पहिल्यासारखा होत नाही.

आमच्या वाड्याचं त्रांगडं असं की तो दोन चुलतभावांच्या नावावर आणि कोर्टात केस चालू. एकाने सही दिली, दुसरा म्हणाला माझ्या वाटणीच्या भिंतीला ब्रश लागला तर बघा. मग काकांनी दोघांना एकदम उभं करून (हे दृश्य बघायला अख्खी गल्ली जमली होती) भिंतीवर मधोमध उभी रेघ मारून घेतली. आमचं चित्र त्या रेघेपाशी थांबतं. टांग्याचा घोडा आहे, टांगा नाही. टांगा पलीकडच्या वाटणीत येणार होता.

चित्र कशाचं, हे आम्ही ठरवलं नाही. रविवारी सकाळी भिंतीसमोर सतरंजी टाकली आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना बसवलं, इथे पूर्वी काय काय होतं ते सांगा म्हणालो. टांग्याचा अड्डा निघाला, हापसा निघाला, पहाटेची दुधाची रांग निघाली. हापशावरून कळशी घेऊन जाणारी बाई आमच्या पोराने खडूने काढली तर त्याच मघाच्या आजी उठून पुढे आल्या. "अरे उजव्या कडेवर कशी घेईल ती? उजवा हात दाराची कडी काढायला मोकळा नको का?" कळशी पुसून डाव्या कडेवर घेतली. तेव्हापासून ती बाई आजींची झाली, आता तिथे कोणी पिचकारी मारायला वाकला तरी आजी खिडकीतून ओरडतात. फ्लेक्सवालेही एकदा आले होते, शिडी लावायच्या आधीच परत गेले.

लहान मुलांचं एक सांगतो. त्यांना खालचे तीन फूट द्या, पूर्ण द्या, नंतर गुपचूप सुधारायला जाऊ नका, पोरांना लगेच कळतं. पण रंग एकाच माणसाने कालवून वाटायचे, आणि चारच. आम्ही पहिल्या दिवशी सगळे डबे उघडे ठेवले होते, अर्ध्या तासात सगळ्या डब्यांत एकच शेणकट रंग झाला. आणि आयांना आदल्या दिवशी सांगा की जुने कपडे घाला, इमल्शन ओलं असेपर्यंत पाण्याने जातं, वाळलं की शर्ट गेला.

पैशांचं म्हणाल तर आमचा सगळा खर्च तेरा हजारांच्या आसपास गेला. पाईप, प्राइमर, बाहेरच्या भिंतीचं पांढरं इमल्शन, रंगछटेसाठी त्यात मिसळायच्या स्टेनरच्या बाटल्या, ब्रश, आणि चहा-वडापावचे जवळजवळ तीन हजार, त्यात काटकसर करू नका. अख्ख्या भिंतीच्या पावणेतीनशे स्क्वेअर फुटांनासुद्धा दोन हात मारायला पाच-सहा लिटर पुरलं असतं, आम्ही दुकानदाराच्या नादाने वीसचा डबा आणला. एका कंपनीकडून स्पॉन्सरशिप येत होती पण त्यांना चित्राच्या मध्यात लोगो हवा होता, मग वर्गणी काढली. पन्नास रुपये, शंभर रुपये. ज्याने पन्नास दिले तो रोज येऊन बघतो काम कुठवर आलं. हे पटायला मला दीड वर्षं लागली.

वेळ म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात भिंत इतकी तापते की रंग ब्रशवरच वाळतो. सकाळी सात ते अकरा, बस्स.

कार्यक्रमांबद्दल थोडक्यात, कारण पुण्याची कॉपी मारायला जाऊ नका. इथे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून आहे, घोले रोडला पालिकेचं राजा रविवर्मा कलादालन आहे, १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा चालू आहे, भरत नाट्य मंदिरात पोरं "आवाज कुणाचा" करत घसा फोडतात. २०१३ ला पहिली पुणे बिनाले, म्हणजे शहरभरचं मोठं कलाप्रदर्शन, झाली, २०१७ ला तर रोजच्या राहत्या-वावरत्या जागा हाच तिचा विषय होता. कसबा पेठेत चित्रकार हर्षवर्धन कदम आणि मंडळींनी जुन्या भिंतींवर केलेलं काम बघायला मी दोन-तीनदा गेलोय, ते बघायला तुम्ही या जरूर, आणि आलात की तांबट आळीत भांड्यांवर पडणारे ठोके पण ऐका. पण एवढी यंत्रणा तुमच्याकडे नाही आणि लागतही नाही. मला विचाराल तर स्वच्छ सर्वेक्षणाच्या वेळी पालिका ठेक्याने जी भिंतभर फुलपाखरं आणि "स्वच्छ शहर सुंदर शहर" रंगवतात त्यापेक्षा एका गल्लीत एक खरं काम झालं तरी पुष्कळ.

राहिला आर्टिस्ट. बाहेरून आणू नका, दोन माणसं तुमच्याकडेच असतील. एक शाळेतले चित्रकलेचे सर किंवा बाई, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरांना बसवून बसवून त्यांना शंभर पोरं एकदम कशी सांभाळायची ते येतं. दुसरा माणूस म्हणजे जुना बोर्ड पेंटर. फ्लेक्स आल्यापासून यांचं काम गेलं, आता कोणी दुकानांची शटरं रंगवतो, कोणी ट्रकच्या मागे नावं घालतो. पण नऊ फुटांवर डोळ्याच्या अंदाजाने चित्र मोठं करायची कला याच माणसाकडे आहे, फाईन आर्टवाले आमचे दोघं कागदाच्या आकारात अडकले होते. आमच्याकडे जो आला त्याने सुतळीला नीळ चोळली, दोन टोकांना दोन पोरं उभी केली, मधे धरून ओढून टणकन सोडली आणि भिंतीवर सरळ निळी रेघ. अशा चौकटी पाडून अख्खं चित्र एका सकाळी वर चढवलं. त्याला मानधन, सत्कार, नारळ असलं काही देऊ नका, रोज द्या, रंगाऱ्याचा जो रोज असेल तो, कामाच्या दिवशी संध्याकाळी हातात. आणि चित्र आखतानाच त्याच्या नावाला खाली कोपऱ्यात जागा सोडा. आम्ही विसरलो, मग त्याने शेवटी नाव घातलं ते नव्या पीव्हीसी पाईपच्या मागे, वाकून बघितलं तर दिसतं.