लग्नपत्रिकेत नावं ब्लॅकलेटरमध्ये छापावीत का?

मुलीच्या लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेत नावं ब्लॅकलेटरमध्ये, म्हणजे जुन्या युरोपी हस्तलिखितांसारख्या जाड, टोकदार अक्षरांत, घ्यावीत का आणि कोणता फॉन्ट, असं विचारलंय तुम्ही. घ्या. फक्त अख्खं नाव कॅपिटलमध्ये नको.

बडोद्याला दांडिया बाजारात आमचा छापखाना होता. ओल्ड इंग्लिश या ब्लॅकलेटर वळणाच्या खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांचा, चोवीस पॉइंटचा एकच संच, तो अण्णा लग्नपत्रिका आणि प्रमाणपत्रांपुरताच काढायचे. १९९६ साली एका पत्रिकेत वधूचं नाव होतं मृण्मयी. दादाने ते सगळं कॅपिटलमध्ये जुळवलं. प्रूफ हातात घेतलं तर मला नावच लागेना. प्रत्येक अक्षराला दुहेरी दांडी, पोटात केसासारखी बारीक रेघ, कडेला टोकं. ही कॅपिटलं शब्दाच्या तोंडाशी एकेकटी उभी राहायला घडवलेली असतात, ओळीने बसवली की एकमेकांत घुसतात. मी म्हटलं, नुसता पहिला एम मोठा ठेव. दादा म्हणाला, गिऱ्हाइकाने मोठी अक्षरं मागितलीत, आपण कोण सांगणारे? तीनशे पत्रिका छापल्या. चौथ्या दिवशी मुलीचे वडील आले, गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "अण्णा, यात माझ्या मुलीचं नाव कुठंय, दाखवा." अण्णांनी पदरमोड करून सगळ्या पुन्हा छापून दिल्या. दादा आजही म्हणतो, चूक गिऱ्हाइकाची. मला ते तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही. अक्षर आपल्याला कळतं म्हणून तर लोक आपल्याकडे येतात.

छोट्या अक्षरांतही जपावं लागतं. हे वळण रुंद टोकाच्या टाकाचं, त्यात आय, एन, एम, यू सगळी एकाच उभ्या दांडीतून निघतात. इंग्रजीत 'मिनिमम' लिहून बघा: पंधरा दांड्या, खिडकीच्या गजांसारख्या. आयवर टिंब आलं तेच या गर्दीत तो ओळखू यावा म्हणून. मृण्मयीच्या मधल्या आर, यू, एन, एमची तीच गत, म्हणून तिथे अक्षरांत किंचित जास्त जागा सोडायची.

फॉन्ट म्हणाल तर ओल्ड इंग्लिश टेक्स्ट पुरे. युरोपात खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास बायबल छापलं ते याच घराण्यातल्या टेक्स्चुरा नावाच्या वळणात. फ्रॅक्टुर हा ब्लॅकलेटरचाच दुसरा प्रकार जास्त वळणदार, जर्मन धाटणीचा, तो पत्रिकेत परका वाटतो. पत्ता, वेळ, मुहूर्त मात्र साध्या टाइपातच. कोणी म्हणेल ब्लॅकलेटर हे नाझींचं अक्षर. सुरुवातीला त्यांनी ते मिरवलं खरं, पण ३ जानेवारी १९४१ला त्यांनीच ते ज्यूंचं ठरवून बंद केलं, आणि तो आरोपही खोटाच होता.

दुकानाची पाटी किंवा वर्तमानपत्राचं नाव असेल तर गोष्ट निराळी, ते रोज बघून डोळ्यांत बसतं. पत्रिका माणूस एकदाच उघडतो. म्हणून तुमचा छपाईवाला "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाला, तर प्रूफ घरातल्या आजींना चष्मा लावून वाचायला द्या. त्यांनी मुलीचं नाव न अडखळता वाचलं की मगच सही करा.