हेल्मरची मूठ उघड

प्रिय दोस्ता,

'हेल्मर पुरेसा दुष्ट वाटत नाही,' असं तू बसवत असलेल्या नाटकातल्या नवऱ्याबद्दल लिहिलंस आणि उपाय म्हणून पहिल्याच अंकात त्याला टेबलावर मूठ आपटायला लावलीस. ती मूठ आधी काढ.

नॉर्वेच्या इब्सेनने 1879 मध्ये हे नाटक, 'अ डॉल्स हाउस', लिहिलं तेव्हा हेल्मरच्या हातात पाकीट दिलं. पाकीट असलेल्याला ओरडावं लागत नाही. नाटक उघडतं तेव्हा तो बंद अभ्यासिकेतून विचारतो, माझा चंडोल किलबिलतोय का? आणि लगेच, आता त्रास देऊ नकोस. त्याची बायको नोरा त्या दाराशी कान लावते. उघडतो मात्र तोच, हातात लेखणी घेऊन. मग पाकीट निघतं. ती मोजते, दहा, वीस, तीस, चाळीस. तुझ्या तालमीच्या व्हिडिओत हे दोन सेकंदांत उरकलंय. मोजू दे तिला एकेक नोट. तोवर हेल्मरने काही करायचं नाही, नुसतं कौतुकाने बघायचं.

नोराच्या तारांतेला नाचाच्या वेळी तो शेगडीपाशी उभा राहून सूचना देतो, तिच्या कानावर काही जात नाही, केस सुटतात. तिथेही तिचा दंड धरायला लावू नकोस. सूचना वाया जातेय एवढंच दिसू दे.

आणि हेअरपिनचा तुकडा 'वेळ वाचवायला' कापलास? अरे, पत्रपेटीत नोराचं गुपित फोडणारं पत्र पडलेलं असतं आणि तिची किल्ली एकट्या हेल्मरकडे असते. तिसऱ्या अंकात तो पेटी उघडायला जातो तर कुलपात मोडकी हेअरपिन. नोराची. ती मुलांवर ढकलते. बायको स्वतःच्या घरातलं कुलूप पिनेने उघडू पाहते, यापुढे तुझी मूठ काय सांगणार? तुकडा परत घाल. पिन शेवटच्या रांगेला दिसणार नाही, म्हणून त्याने ती दिव्याजवळ धरावी.

आवाज चढवायची जागा एकच, क्रोगस्टाडचं, म्हणजे नोराने खोटी सही करून ज्याच्याकडून कर्ज घेतलं त्याचं, पहिलं पत्र वाचल्यावर. ढोंगी, खोटारडी, गुन्हेगार! तिथे हातचं राखू नको म्हणावं. दोन अंक आधीच ओरडून झाले असतील तर इथे प्रेक्षकाला फक्त बसलेला घसा ऐकू येतो. मग दुसरं पत्र येतं, खोट्या सहीचा कागद परत मिळतो आणि तो म्हणतो, मी वाचलो! नोरा विचारते, आणि मी? मध्ये संगीत नको. 'अर्थात, तूसुद्धा' हे विसरलेली छत्री आठवावी तसं यायला हवं.

म्हणशील, मी हेल्मरची वकिली करतोय. करतोच. त्याला राक्षस केलास की थिएटरातला प्रत्येक नवरा सुटतो आणि मध्यंतरात निवांत बटाटेवडा खातो. मला हे फार उशिरा उमगलं, म्हणून तुझ्यावर इतका चिडतोय.

नोरा नवरा आणि मुलं सोडून जाते, तो शेवट मऊ करायचा विचार सोड. 1880 मध्ये जर्मनीतली नटी मुलांना टाकून जायला तयार नव्हती. दुसऱ्या कुणी मोडतोड करू नये म्हणून इब्सेनने स्वतःच बदललेला शेवट लिहून दिला. तिथे नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशी खचते आणि राहते. इब्सेनला तो शेवट कधी पटला नाही.

निघताना ती घराच्या किल्ल्या काढून ठेवते. त्यांचा आवाज ऐकू येऊ दे. त्यानंतर दार, खालचं, रस्त्याकडचं. आवाज विंगेतून आणि खालून यावा. हेल्मर आधी तोंड हातांत लपवतो, उठतो, रिकामी खोली बघतो, आणि चेहऱ्यावर आशा उमटते. ती नीट उमटल्यावरच दार आपटायचं. क्यू चुकला तर साउंडवाल्या पोराला नाही, तुला बोलेन.