पोटाच्या आरोग्यासाठी कोणती अँटिऑक्सिडंट गोळी चांगली?

"कोणती" विचारलंय तुम्ही. माझं घोडं "कशाला" इथेच अडतं, कारण हा विषय आमच्या घरात तीन वर्षं धुमसतोय.

पोट फुगण्याचा मला जुना त्रास. थोरल्या जाऊबाईंनी अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची बाटली आणून दिली, दिवसाला दोन. पाण्यात फसफसणारी व्हिटॅमिन सीची गोळी मी आधीपासून घेतच होते. चौथ्या दिवशी जुलाब सुरू. फोन केला तर म्हणाल्या, "अगं, घाण बाहेर पडतेय, बंद करू नकोस." मी तीन आठवडे बंद केलं नाही. हसा खुशाल.

एका रात्री अडीचला, झोपेचं खोबरं झालेलंच होतं, म्हणून लेबल वाचलं. एका कॅप्सूलमध्ये १००० मिलिग्रॅम सी. दोन कॅप्सूल आणि वर ती फसफसणारी १०००ची, म्हणजे रोजचे ३०००. प्रौढांसाठी कमाल मर्यादा २००० मानतात, आणि ती ठरवलीय मुळात जुलाबांवरूनच. जे सी शोषलं जात नाही ते आतड्यात पाणी खेचून घेतं. घाण कसली डोंबलाची! दोन्ही थांबवल्या, तिसऱ्या दिवशी पोट ठिकाणावर. जाऊबाईंचा निकाल: "मध्येच सोडलंस, आता गुण येणार होता."

चहा, कॉफी, द्राक्षं, सफरचंद यांतली पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली संयुगं, तीही अँटिऑक्सिडंट म्हणूनच मिरवतात) लहान आतड्यात जेमतेम ५ ते १० टक्के शोषली जातात. उरलेली मोठ्या आतड्यात जाऊन तिथल्या जिवाणूंच्या तावडीत सापडतात. ते त्यांचे तुकडे करतात, आणि पोटाला फायदा झालाच तर बहुधा या तुकड्यांमुळे आणि जिवाणूंच्या बदललेल्या वस्तीमुळे होतो. 'अँटिऑक्सिडंट' हे बाटलीवरचं बिरुद त्यात फारसं कामाचं नाही. डाळिंब किंवा अक्रोड खाल्ल्यावर काहींच्या आतड्यात युरोलिथिन (असाच एक तुकडा) तयार होतं, काहींच्यात होतच नाही, कारण ते बनवणारे जिवाणूच नसतात. म्हणून "मला मानवलं, तुलाही मानवेल" हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. (हे मी तोंडावर सांगून पाहिलंय. विषय माझ्या स्वभावावर गेला.)

२००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये १४ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, १,७०,५२५ माणसांचा. प्रश्न हाच, की अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी पचनमार्गाचे कर्करोग टळतात का. टळत असल्याचा पुरावा मिळाला नाही, उलट मृत्यू किंचित वाढल्यासारखे दिसले. धूम्रपान करणाऱ्यांनी तर बीटा कॅरोटीनच्या (गाजराला नारिंगी रंग देणारं अँटिऑक्सिडंट) गोळ्यांपासून लांबच राहावं. अख्खं फळ खा, रस गाळून चोथा फेकू नका. जिवाणूंचं अर्धं जेवण त्या चोथ्यातच असतं.

हां, डॉक्टरांनी कमतरता तपासून काही दिलं असेल तर ते माझ्या भरवशावर सोडू नका. लोह कमी असेल तर जेवणासोबत चहा नको, त्यातली पॉलिफेनॉल्स लोह अडवतात. आणि शौचातून रक्त जात असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर इथे विचारत बसू नका, दवाखान्यात जा.

ती बाटली अजून कपाटात आहे, निम्मी भरलेली. लेबलावरच्या १०००ला मी लाल पेनाने गोल केलाय. जाऊबाई पुढच्या वेळी आल्या की पाणी देताना शेजारीच ठेवणार आहे.